मॉर्निंग्टन, वेलस्ली, वेलिंग्टन: माणसं किती आणि किताब किती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही असईच्या लढाईवर, म्हणजे १८०३ मधल्या इंग्रज-मराठे लढाईवर, गावासाठी पुस्तिका लिहिताय. जमवलेल्या इंग्रजी मजकुराच्या झेरॉक्समध्ये कुठे ‘अर्ल ऑफ मॉर्निंग्टन’, कुठे ‘मार्क्विस वेलस्ली’, कुठे ‘जनरल वेलस्ली’, कुठे ‘सर आर्थर’ आणि कुठे थेट ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ आलंय. ही माणसं किती? लढाई नक्की कुणी जिंकली असं लिहायचं? आजचे ड्यूक नववे आहेत, तर ‘नऊ पिढ्या झाल्या’ असं लिहिलं तर चालेल का? आणि पणजोबांच्या ट्रंकेत १९१६ सालचं एक प्रशस्तिपत्र सापडलंय, त्यावर ‘लॉर्ड विलिंग्डन’ आहे. तो याच घराण्यातला का?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. तुमच्या झेरॉक्समधली माणसं दोन, सख्खे भाऊ. थोरला रिचर्ड कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता. धाकटा आर्थर दख्खनमध्ये फौज घेऊन फिरत होता आणि असईला लढला तो हाच. मॉर्निंग्टन आणि मार्क्विस म्हणजे थोरला, जनरल, सर आर्थर आणि ड्यूक म्हणजे धाकटा.

पण एवढ्यावर थांबले तर पुढच्या झेरॉक्सला तुम्ही पुन्हा अडाल. अडचण नावांची नाहीच. आपण किताबाला आडनाव समजतो, घोळ तिथे होतो.

मी स्वतः यात पडलेली आहे. तीसेक वर्षं मी जुन्या इंग्रजी पत्रव्यवहाराचं सूचीकाम आणि भाषांतर केलं. उमेदवारीच्या काळात एका ग्रंथाची सूची माझ्याकडे आली. मी ‘मॉर्निंग्टन’चं एक कार्ड केलं, ‘वेलस्ली, मार्क्विस’चं दुसरं, आणि दोन्हींखाली इमाने इतबारे पृष्ठांक भरत गेले. सूची छापून आली तेव्हा हिंदुस्थानला त्या दोन वर्षांत दोन गव्हर्नर जनरल मिळालेले होते. कुणी ओरडलं नाही, कारण सूची कुणी वाचत नाही. पण तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: किताब दिसला की आधी पत्राची तारीख बघायची, मग माणूस ठरवायचा.

तुम्हाला हे नवीन नाही. कागदात नुसतं ‘पेशवे’ आलं की आपण सालच बघतो ना? १७६१ च्या जानेवारीत असेल तर नानासाहेब, त्याच वर्षाच्या अखेरीस असेल तर माधवराव, १८०३ असेल तर दुसरे बाजीराव. इंग्रजांचा अर्ल किंवा ड्यूक तसाच वाचायचा. (त्यांच्या उमरावी किताबांच्या पायऱ्या खालून वर अशा: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक.) फरक इतकाच की आपल्याकडे गादी एक असते आणि माणसं बदलतात. त्यांच्याकडे एकाच माणसाच्या नावावर एकामागून एक किताब चढत जातात आणि तो दर वेळी सही बदलतो.

आता घराणं पाहू. ‘इंग्रज उमराव’ असं आपण म्हणतो, पण हे लोक आयर्लंडमधले. आणि त्यांचं मूळ नाव वेलस्ली नव्हतंच, ते कॉली. या दोघांचे आजोबा रिचर्ड कॉली. त्यांना गॅरेट वेस्ली नावाच्या निपुत्रिक नातेवाइकाची जमीनजुमला मिळाली, आणि १७२८ मध्ये त्यांनी वेस्ली हे नाव घेतलं. त्या गॅरेटने वारस म्हणून आधी चार्ल्स वेस्लीला विचारलं होतं, पण त्याने नकार दिला, असं सांगतात. हा चार्ल्स म्हणजे पुढे मेथडिस्ट पंथाची भजनं रचणारा. तो ‘हो’ म्हणाला असता तर असईला कोण आलं असतं, देव जाणे. असो. १७४६ मध्ये रिचर्ड कॉली-वेस्ली बॅरन मॉर्निंग्टन झाले. त्यांचा मुलगा गॅरेट १७६० मध्ये अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला. हा गॅरेट संगीतात रमणारा, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला संगीताचा पहिला प्राध्यापक. वारला तेव्हा मागे कर्ज होतं आणि पाच मुलगे.

त्यांतला थोरला रिचर्ड दुसरा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. त्याला वेस्ली हे नाव साधं वाटू लागलं म्हणून त्याने जुनं, लांब वळणाचं ‘वेलस्ली’ पुन्हा काढलं. आर्थर फेब्रुवारी १७९७ मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा अजून वेस्लीच होता. थोरला भाऊ १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याच वर्षी आर्थरच्या सहीतही वेलस्ली आलं. म्हणजे तुम्हाला कधी ‘कर्नल वेस्ली’ असा कागद मिळाला, तर छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. तो आर्थरच आहे, आणि कागद १७९८ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा.

रिचर्डचा मामला मजेदार आहे. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. गव्हर्नर जनरलला वाटलं, आता इंग्लंडचा मोठा किताब नक्की. डिसेंबरमध्ये मिळाला तो मार्क्विस वेलस्ली, पण आयर्लंडच्या यादीतला. आयरिश किताबाला लंडनच्या उमराव सभेत, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आपोआप खुर्ची नसायची. दर्जा मोठा, वजन कमी. रिचर्ड इतका चिडला की या किताबाला त्याने ‘दुहेरी मुलामा दिलेला बटाटा’ म्हटलं. बटाटा म्हणजे आयर्लंड, हे सांगायला नकोच. मराठे, निजाम आणि म्हैसूरकर ज्याच्या खलित्यांनी बेजार होते, तो माणूस खासगीत असा रुसून बसलेला होता, हे वाचून मला दर वेळी बरं वाटतं.

तुमच्या कामाचा मुद्दा असा की किताब डिसेंबर १७९९ चा असला तरी विलायतेहून जहाज यायला महिनेच्या महिने लागत. म्हणून १८०० च्या सुरुवातीच्या इथल्या कागदांत तो अजून मॉर्निंग्टनच असू शकतो. १८०३ च्या अस्सल पत्रात मात्र मॉर्निंग्टन दिसला तर शंका घ्या.

आणि हो, तिसरा भाऊ विसरू नका. हेन्री वेलस्ली हाही त्या काळात इथे होता, थोरल्याच्या हाताखाली. अवधच्या नवाबाकडून घेतलेल्या मुलखाचा कारभार त्याच्याकडे होता, आणि पुढे १८२८ मध्ये तो बॅरन काउली झाला. म्हणजे १८०१-०२ च्या कागदात नुसतं ‘मिस्टर वेलस्ली’ असेल तर तो बहुधा हेन्री. आर्थरच्या मागे लष्करी हुद्दा लागतोच, आणि थोरल्याला मिस्टर म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

आता आर्थर. एप्रिल १८०३ मध्ये तो पुण्यात पोचला, मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसले, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड. मग महिनाअखेरीपर्यंत भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह. या सगळ्या काळात त्याचा दर्जा काय होता? मेजर जनरल, आणि एका अर्लचा धाकटा मुलगा म्हणून नावामागे ‘ऑनरेबल’. बस्स. स्वतःचा किताब एकही नाही. १८०४ मध्ये ऑर्डर ऑफ द बाथ मिळाली तेव्हा तो ‘सर आर्थर’ झाला. तीही उमरावी नव्हे. ‘सर’ हा मान त्या माणसापुरता, मुलाकडे जात नाही.

वेलिंग्टन हे नाव आलं ते असईनंतर सहा वर्षांनी, आणि तेही स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईमुळे. १८०९ मध्ये त्याला व्हायकाउंट करायचं ठरलं, तेव्हा तो स्पेनच्या सरहद्दीवर आणि नाव तर लगेच कळवायचं. मग लंडनमधल्या दुसऱ्या भावाने, विल्यमने, नकाशा काढला. सॉमरसेट परगण्यात वेलस्ली नावाचं खेडं आहे, घराण्याचं आडनाव तिथलं; त्याच परगण्यात वेलिंग्टन नावाचं गाव. नाव वेलस्लीच्या जवळचं वाटतं, म्हणून तेच घालून टाकलं. आर्थरचा त्या गावाशी त्याआधी काही संबंध नव्हता. नाव त्याला पसंत पडलं. बायकोला पडलं नाही. या नावाने काहीच आठवत नाही, अशी तिची तक्रार होती. पुढे त्या नावाने न्यूझीलंडची राजधानी, निलगिरीतली छावणी आणि चिखलात घालायचे बूट ओळखले जातील, हे तिला कसं कळावं?

मग जिना भराभर चढला. फेब्रुवारी १८१२ मध्ये अर्ल, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्क्विस, मे १८१४ मध्ये ड्यूक. सगळी वर्षं तो परमुलखात लढतोय. २८ जून १८१४ ला तो उमराव सभेत पहिल्यांदा जागा घ्यायला गेला, तेव्हा बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि ड्यूक या पाचही पायऱ्यांच्या सनदा एकाच दिवशी वाचून दाखवाव्या लागल्या. वॉटर्लू अजून वर्षभर लांब होतं. म्हणजे ‘वॉटर्लू जिंकल्याबद्दल ड्यूक झाला’ हे जे सर्रास छापलं जातं, ते चूक. वॉटर्लूनंतर त्याला नेदरलँड्सच्या राजाने ‘प्रिन्स ऑफ वॉटर्लू’ केलं, तो किताब वेगळा.

इथे एक ‘पण’ आहे, आणि तुमचा घोळ बहुतेक इथेच झालाय. आर्थरची हिंदुस्थानातली पत्रं १८३० च्या दशकात छापली गेली, तेव्हा तो ड्यूक होता, माजी पंतप्रधान होता. साहजिकच त्या खंडांवर ड्यूक म्हणून नाव आलं आणि पुढच्या इतिहासकारांनी १८०३ बद्दल लिहितानाही ‘ड्यूकने हुकूम दिला’ असं लिहिलं. म्हणून झेरॉक्स हातात घेतलीत की आधी ठरवा, हे अस्सल पत्र आहे का नंतरच्या लेखकाचं वाक्य. अस्सल पत्रात त्या दिवशीचं नाव असतं. नंतरच्या पुस्तकात मरणापर्यंत मिळालेलं सगळ्यात मोठं नाव असतं.

आता वारसा. पिढ्यांचा हिशेब त्यावरच आहे. प्रत्येक किताबाबरोबर राजाची सनद निघते आणि तो पुढे कुणाकडे जाईल हे तिच्यातच लिहिलेलं असतं. बहुतेक सनदांत शब्द असतात ‘त्याच्या देहापासून झालेले पुरुष वारस’. मुली नाहीत, दत्तक नाही, लग्नाआधीची मुलंही नाहीत.

हा शेवटचा नियम थोरल्याला नडला. रिचर्डला पाच मुलं होती, पण सगळी लग्नाआधीची. १७९४ मध्ये त्याने त्यांच्या आईशी लग्न केलं तरी कायद्याने ती वारस ठरली नाहीत. १८४२ मध्ये तो वारला आणि मार्क्विस वेलस्ली हा किताब त्याच्याबरोबर संपला. गंमत अशी की त्यांतल्याच ॲन नावाच्या मुलीच्या वंशात पुढे राणी दुसरी एलिझाबेथ जन्मली. रिचर्डचा किताब त्याच्या रक्ताला मिळाला नाही, सिंहासन मिळालं.

अर्ल ऑफ मॉर्निंग्टन मात्र टिकला, कारण ती सनद बापाच्या नावची होती आणि बापाला आणखी मुलगे होते. तो आधी गेला विल्यमकडे, तोच नकाशा काढणारा. मग १८४५ मध्ये त्याच्या मुलाकडे. या चौथ्या अर्लने एका गडगंज वारसदारणीशी लग्न करून तिची इस्टेट इतकी उधळली की लंडनजवळचा वॉन्स्टेडचा अवाढव्य वाडा सामानासकट विकून पाडावा लागला. त्याच्या मुलानंतर, १८६३ मध्ये, ती शाखा खुंटली आणि मॉर्निंग्टन वेलिंग्टनच्या ड्यूककडे आला. तेव्हापासून तो ड्यूकच्या घरातला धाकटा किताब. आज तो ड्यूकच्या नातवाला नुसता शिष्टाचार म्हणून लावतात, जसा थोरल्या मुलाला ‘मार्क्विस ऑफ डौरो’ लावतात. म्हणजे पाहा, १७९८ चा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन गव्हर्नर जनरल, १८५० चा कर्जबुडवा आणि आजचा तरुण नातू. किताब तोच.

ड्यूकांचंही तसंच. पहिला १८५२ मध्ये वारला. दुसरा त्याचा मुलगा, निपुत्रिक; दरबारात ड्यूक ऑफ वेलिंग्टन असा पुकारा होणार आणि आत येणार फक्त मी, असं तो म्हणायचा म्हणतात. गरीब बिचारा. तिसरा आणि चौथा हे त्याचे पुतणे, एकमेकांचे भाऊ. पाचवा चौथ्याचा मुलगा, सहावा पाचव्याचा मुलगा. सहावा दुसऱ्या महायुद्धात इटलीत सालेर्नोला १९४३ मध्ये मारला गेला, वय एकतीस, लग्न झालेलं नव्हतं. मग किताब उलटा वर सरकला, काकाकडे. हा सातवा, पेशाने वास्तुतज्ज्ञ. आठवा त्याचा मुलगा, २०१४ च्या शेवटच्या दिवशी वारला. आजचा नववा. आता बोटं मोजा: एक, दोन, तीन-चार एका पिढीत, पाच-सात एका पिढीत, सहा-आठ एका पिढीत, मग नऊ. ड्यूक नऊ, पिढ्या सहा. ‘नऊ पिढ्या’ लिहू नका.

१९४३ चा प्रसंग मी शिकवायला नेहमी वापरायचे, कारण त्यात सनदेचा जोर दिसतो. पहिल्या ड्यूकला स्पेनने ‘ड्यूक ऑफ सिउदाद रोद्रिगो’ केलं होतं आणि स्पेनच्या नियमात मुलीला वारसा चालतो. त्यामुळे सहावा मेल्यावर एकाच रणांगणावरून दोन किताब दोन वाटांनी गेले. इंग्लंडचा काकाकडे, स्पेनचा बहिणीकडे. १९४९ मध्ये बहिणीने तो काकासाठी सोडला, तेव्हा दोन्ही पुन्हा एका घरात आले.

दत्तकाचं मघाशी म्हटलं, त्यावरून राहवत नाही म्हणून विषय सोडून एक सांगते. औरस वारस नाही आणि दत्तक मंजूर नाही म्हणून सातारा आणि नागपूर खालसा करणारा डलहौसी. त्याला १८४९ मध्ये मार्क्विस केलं. १८६० मध्ये तो वारला तेव्हा मागे दोन मुली, मुलगा नाही. मार्क्विस ऑफ डलहौसी हा किताब तिथेच संपला. जुना अर्ल ऑफ डलहौसी तेवढा चुलतभावाकडे गेला.

राहिलं तुमच्या पणजोबांचं प्रशस्तिपत्र. विलिंग्डन आणि वेलिंग्टन यांचा काडीचा संबंध नाही. विलिंग्डन हे इंग्लंडच्या ससेक्समधलं गाव, आणि हे गृहस्थ फ्रीमन-थॉमस नावाचे. १९१० मध्ये बॅरन विलिंग्डन झाले, १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणून १९१६ चं पत्र त्यांचंच. पुढे ते व्हाइसरॉय झाले आणि पायरी पायरीने मार्क्विसपर्यंत पोचले. १९७९ मध्ये मुलाबरोबर तो किताब संपला. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज यांच्या नावाचं. मुंबईत रिगल सिनेमाजवळचं वेलिंग्टन कारंजं मात्र आपल्या आर्थरचं, १८६५ मध्ये बांधलेलं. या दोन नावांत शिकलेली माणसंसुद्धा ‘ट’ आणि ‘ड’ची अदलाबदल करतात. अक्षर नीट लागत नसेल तर प्रशस्तिपत्राची तारीख पाहा, तिथे वाद मिटतो.

पुस्तिकेत काय लिहायचं, ते थोडं वाचकावर अवलंबून आहे. शाळेतल्या मुलांसाठी असेल तर ‘आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला’ एवढं एकदा लिहा आणि नंतर शेवटपर्यंत आर्थर वेलस्लीच ठेवा. अभ्यासकांसाठी असेल तर पहिल्या उल्लेखाला ‘मेजर जनरल’ जोडा, आणि जिथे मूळ पत्र उद्धृत कराल तिथे पत्रातलंच नाव ठेवून चौकटी कंसात खुलासा द्या. थोरल्याला सगळीकडे ‘गव्हर्नर जनरल वेलस्ली’ म्हणा, म्हणजे दोघांची गल्लत होणार नाही. ड्यूकचं भाषांतर ‘सरदार’ किंवा ‘राजा’ असं करू नका; शिंद्यांचा सरदार आणि इंग्रजांचा ड्यूक एका वाक्यात आले की वाचक गोंधळतो. ड्यूकला ड्यूकच राहू द्या, आणि नुसतं ‘लॉर्ड वेलिंग्टन’ १८०९ ते १८१४ एवढ्याच काळाला लावा. ड्यूकला लॉर्ड म्हणत नाहीत, त्याच्या खालच्या चारही पायऱ्यांना म्हणतात.

आणि तुमच्या मसुद्यात मुखपृष्ठासाठी जे वाक्य आहे, ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टनने असई जिंकली’, त्यातला किताब काढा आणि ‘आर्थर वेलस्ली’ घाला. त्या दिवशी केळणा नदी ओलांडणारा माणूस चौतीस वर्षांचा मेजर जनरल होता आणि ड्यूक व्हायला त्याला अजून अकरा वर्षं होती.